पक्ष्यांची खतावणी

इंग्रजी वाङ्मयाचा विषय निघाला की आपल्याकडचा सुशिक्षित माणूस शेक्सपिअरपासून सुरुवात करतो आणि वुडहाउसपाशी येऊन सुखावतो. मधल्या वाटेत डिकन्स, हार्डी, शॉ वगैरे मंडळींना नमस्कार होतो. परंतु ज्या एका वाङ्मयप्रकारात इंग्रज माणूस आपलं सगळं काळीज ओततो आणि तरीही ते ओतल्याचा संशयसुद्धा येऊ देत नाही, त्याच्याकडे आमच्या समीक्षकांचं साफ दुर्लक्ष झालेलं आहे. त्या प्रकाराचं नाव ‘काउंटी बर्ड रिपोर्ट’. काउंटी म्हणजे आपला जिल्हा. आणि रिपोर्ट म्हणजे त्या जिल्ह्यात वर्षभरात कोणते पक्षी, कुठे, कधी आणि किती दिसले याचा छापील हिशेब.

आपल्याकडे वार्षिक अहवाल म्हटलं की डोळ्यांपुढे सहकारी पतपेढी उभी राहते. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, दुसऱ्या पानावर उपाध्यक्षांचा, मग कुणालाच न कळणारा ताळेबंद आणि शेवटी ‘सभेनंतर अल्पोपाहार’ ही एकच वाचनीय ओळ. पक्षी-अहवालात फोटो असतात ते पक्ष्यांचे, आणि त्यांतला एकही पक्षी कॅमेऱ्याकडे बघून हसत नाही. एवढ्यावरच समीक्षकाने निम्मे गुण देऊन टाकावेत.

माझा या वाङ्मयाशी संबंध आला तो लेकीमुळे. लेक आणि जावई इंग्लंडच्या दक्षिण टोकाला, ससेक्समधल्या क्रॉली गावी असतात. नातीच्या स्वागताला सौ. निघाल्या आणि सौ.च्या लोणच्याच्या बरण्या सांभाळायला मी. तिथला पाऊस आपल्या पावसासारखा कोसळून मोकळा होत नाही. सरकारी चौकशीसारखा हळूहळू चालू राहतो. अशाच एका आठवड्यात शेजारच्या निवृत्त मास्तरांनी “वाचायला काही हवंय का?” असं कुंपणावरून विचारलं, आणि होकार मिळताच ‘ससेक्स बर्ड रिपोर्ट’चे चौदा अंक माझ्या हातांवर रचले. माणूस इतका सभ्य, की “वाचलेत का?” असं त्यांनी पुढे एकदाही विचारलं नाही.

“अहो, एवढं काय वाचताय?” तिसऱ्या दिवशी सौ.नी विचारलं.

“इथल्या लोकांनी बघितलेले पक्षी.”

“मग ती खिडकी कशाला आहे? स्वतः बघा की दोन!”

सौ.ची ही टीका वरवर पाहता बिनतोड आहे. दुसऱ्याने पाहिलेला पक्षी आपण का वाचावा? पण मग दुसऱ्याने केलेलं प्रेम तरी आपण कादंबरीत का वाचतो? दुसऱ्याने पॅरिसमध्ये खाल्लेलं जेवण प्रवासवर्णनात चवीने का वाचतो? प्रश्न कुणी पाहिलं हा नाही, पाहिलेलं सांगितलं कसं हा आहे. त्या कसोटीवर हे चौदा अंक घासून पाहायचं मी ठरवलं.

प्रथम पात्रयोजना. अहवालाचं मुख्य अंग म्हणजे जातवार यादी. पात्रांनी कोणत्या क्रमाने रंगमंचावर यावं हे इथे लेखक ठरवत नाही, शास्त्र ठरवतं. पूर्वी पहिल्या प्रवेशाचा मान पाणबुड्या जातीच्या पक्ष्यांकडे होता. १८५८ साली स्थापन झालेला ब्रिटिश पक्षितज्ज्ञांचा एक संघ आहे. त्याने २००२ साली नव्या संशोधनानुसार क्रम बदलला आणि हंस-बदकं सर्वांच्या पुढे आली. आपल्याकडे लग्नपत्रिकेत मामांचं नाव काकांच्या खाली गेलं तर तीन पिढ्या बोलणं बंद होतं. पाणबुड्यांनी काही बोभाटा केल्याचं ऐकिवात नाही. शेवटचा प्रवेश आजही चिमणीएवढ्या भारीट पक्ष्यांकडे आहे. म्हणजे रहस्यकथेसारखं शेवटचं पान आधी उघडून पाहणाऱ्या वाचकाच्या हाती खुनी लागत नाही, भारीट लागतो.

आता स्थळ. ससेक्सला लांबलचक समुद्रकिनारा आहे आणि समोरच्या इंग्लिश खाडीपलीकडे फ्रान्स. बीची हेडचे पांढरेशुभ्र खडूचे कडे, राय हार्बरचा गोट्यांचा किनारा, पॅगहॅमची चिखलाची खाडी, पल्बरोची पाणथळ कुरणं ही इथली नेहमीची नेपथ्यं. कारभारासाठी जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केलेले आहेत, पण पक्ष्यांच्या बाबतीत अजूनही संयुक्त ससेक्स नांदतं. एकही हुतात्मा चौक न बांधता त्यांनी हे कसं साधलं कोण जाणे!

भाषाशैलीचं म्हणाल तर तारेच्या जवळची. ‘एक. सेल्सी बिल. मेची पहिली तारीख. पूर्वेकडे.’ अशा धर्तीची ओळ असते. सेल्सी बिल म्हणजे समुद्रात घुसलेलं जमिनीचं एक टोक. एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीला तिथे माणसं दुर्बिणी लावून तासन् तास बसतात, कारण पोमरिन स्कुआ नावाचे दणकट समुद्रपक्षी त्या दिवसांत खाडीतून पूर्वेकडे सरकत उत्तरेतल्या आपल्या घराच्या वाटेला लागलेले असतात. बोचरा वारा, थर्मासमधला निवलेला चहा, डोळ्यांत पाणी, आणि सहा तासांनी एक काळा ठिपका येऊन जातो. आमच्या एखाद्या नवकथाकाराच्या हाती तो ठिपका सापडता, तर त्याने त्यात स्वतःचं एकाकीपण, वडिलांशी न जमलेलं नातं आणि खोलीतला बंद पंखा असं सगळं कोंबलं असतं. ससेक्सचा लेखक लिहितो : ‘पूर्वेकडे.’ आणि पुढच्या पक्ष्याकडे वळतो. स्वतःबद्दल तो फक्त आद्याक्षरं सांगतो, तीसुद्धा मागच्या पानावर, बारीक टाइपात.

या घराण्याचा मूळपुरुष ससेक्सच्या शेजारच्या हॅम्पशरमधला. गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री सेलबोर्न गावात बसून पक्षी न्याहाळत आणि मित्रांना पत्रं लिहीत. त्या पत्रांचं पुस्तक १७८९ साली निघालं. दिसायला हुबेहूब सारख्या अशा तीन हिरवट चिमुकल्या पक्ष्यांना या गृहस्थाने निव्वळ गाण्यावरून वेगळं ओळखलं होतं. ससेक्समधल्या रिंगमर गावी त्यांची आत्या राहत असे. ती वारल्यावर तिचं टिमथी नावाचं कासव त्यांनी घरी आणलं आणि त्याच्याही नोंदी ठेवल्या. पुढे कासव गेल्यानंतर कवचावरून सिद्ध झालं की टिमथी ही बाई होती. तात्पर्य, निरीक्षण ही गोष्ट एका माणसाच्या आयुष्यात संपत नाही. मागाहून येणाऱ्याला दुरुस्तीसाठी जागा सोडावी लागते.

ही दुरुस्तीची सोय हा या वाङ्मयप्रकाराचा प्राण आहे, असं माझं नम्र मत आहे. कोकिळेचंच घ्या. तिथली कुक्कू म्हणजे आपल्या कोकिळेची दूरची नातेवाईक. एप्रिलमध्ये ती आफ्रिकेतून येते आणि ओरडते, की वसंत आला. ससेक्समधल्या हीथफील्ड गावाची लोककथा अशी, की चौदा एप्रिलच्या जत्रेत एक म्हातारी टोपलीतून कुक्कू सोडते आणि तेव्हापासून उन्हाळ्याला मोकळीक मिळते. आपला पावशा नाही का ‘पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला जागं करत? तेव्हा पहिली कुक्कू आपणच ऐकावी ही तिथल्या अनेकांची जन्माची हौस. रिचर्ड लिडेकर हे मोठे निसर्गशास्त्रज्ञ. तरुणपणी भारतात भूगर्भखात्यात नोकरीला होते. त्यांनी १९१३ च्या फेब्रुवारीत लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून कळवलं, की आपण कुक्कू ऐकली. फेब्रुवारीत! सगळा देश अवाक् झाला. आठवड्याभरात त्याच ‘टाइम्स’मध्ये त्यांचंच दुसरं पत्र : तो आवाज कुक्कूचा नव्हता, जवळच काम करणाऱ्या गवंड्याच्या हाताखालच्या मजुराने काढलेला होता. आपल्याकडे अशा प्रसंगी त्या मजुरावर खटला झाला असता, किंवा ‘मूळ वक्तव्याचा विपर्यास करण्यात आला’ असा खुलासा आला असता. लिडेकरांनी सरळ लिहून टाकलं. मला तर पहिल्या पत्रापेक्षा दुसरं पत्र वाङ्मय म्हणून कितीतरी सरस वाटतं.

सगळेच लिडेकर नसतात, म्हणून कमिटी असते. तिथेही असते हे ऐकून मला फार बरं वाटलं. दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी तपासण्यासाठी १९५९ साली तिथे एक राष्ट्रीय समिती नेमली गेली. तिच्यात दहा माणसं. लोक त्यांना ‘टेन रेअर मेन’ म्हणतात, म्हणजे दहा दुर्मिळ पुरुष. तुम्हांला एखादा अद्भुत पक्षी दिसला तर नुसतं ‘दिसला’ म्हणून भागत नाही. केवढा होता, रंग कसा, चोच कशी, पाय कसे, आवाज काय, अंतर किती, उजेड कुठून, दुर्बीण कोणती, यापूर्वी हा पक्षी पाहिला होता का, आणि मुख्य म्हणजे त्याच्यासारखाच दिसणारा साधा पक्षी तो नव्हता कशावरून, एवढं सगळं लिहून द्यावं लागतं. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमातसुद्धा इतके प्रश्न विचारत नसत. मग समिती विचार करते आणि निकाल लागतो. जिल्ह्याच्या पातळीवर अशीच एक धाकटी समिती असते. नापास नोंदींची यादी अहवालाच्या शेवटी छापतात, पण बहुधा पक्ष्याचं नाव देतात, माणसाचं देत नाहीत. केवढा हा संयम! पुन्हा पुन्हा भलतेच पक्षी पाहणाऱ्याला मात्र तिथले लोक खासगीत ‘स्ट्रिंगर’ म्हणतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावाहून वर्तमानपत्राला बातम्या पाठवणाऱ्यालाही स्ट्रिंगरच म्हणतात. हा निव्वळ योगायोग आहे असं मी मानतो.

हा फॉर्म आपल्याकडे आला तर काय बहार होईल! ‘मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं’ हे मराठीतलं सर्वांत स्वस्त वाक्य आहे. बिबट्या, भूत, मंत्र्याच्या गाडीतली बॅग आणि अमेरिकेतल्या भाच्याचं घर या चार गोष्टी प्रत्येकाने स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. ‘अंतर किती? उजेड कुठून? भाच्याचंच घर होतं, शेजाऱ्याचं नव्हतं, हे कशावरून?’ असे तीनच प्रश्न छापील कागदावर विचारले, तरी निम्मी दिवाणखान्यातली संभाषणं बंद पडतील आणि माणसं नाइलाजाने एकमेकांचं ऐकून घेतील.

पण हा सगळा खटाटोप कशासाठी, हे समजायला ससेक्सच्याच इतिहासातलं एक प्रकरण ठाऊक असायला हवं. १८९२ ते १९३० या काळात हेस्टिंग्ज गावाच्या आसपासच्या टापूत, म्हणजे ससेक्समध्ये आणि थोड्या शेजारच्या केंटमध्ये, दुर्मिळ पक्ष्यांचा अक्षरशः पाऊस पडला. उंच हिमशिखरांवर राहणारी स्नोफिंच काय, मध्य आशियाच्या गवताळ पठारावरचा काळा चंडोल काय, सगळे येऊन हेस्टिंग्जलाच पडत. बरेचसे पक्षी पेंढा भरण्यासाठी जॉर्ज ब्रिस्टो या एकाच दुकानदाराच्या हातून गेलेले. त्या काळी श्रीमंत हौशी लोक पेंढा भरलेले पक्षी जमवत. परदेशातून आणलेल्या पक्ष्याला किंमत बेताची. तोच पक्षी ‘इंग्लंडात मारलेला’ अशी चिठ्ठी लावली की भाव कडाडे. देवगडची पेटी आणि कर्नाटकचा आंबा ही जोडी ज्यांना माहीत आहे त्यांना यापुढे सांगायला नको. पक्षी बोटींवरून बर्फात घालून आणले जात, असा पुढे कयास केला गेला.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्रिटिश बर्ड्स’ मासिकात मॅक्स निकल्सन आणि जेम्स फर्ग्युसन-लीस यांनी या नोंदींचा पंचनामा केला. सोबत जॉन नेल्डर या संख्याशास्त्रज्ञाचा लेख होता. हे नेल्डर पुढे आपल्या शास्त्रात जगप्रसिद्ध झाले, पण त्या वेळी नोकरीला होते भाजीपाला संशोधन केंद्रात. कोबी-फ्लॉवर मोजणाऱ्या माणसाने दाखवून दिलं, की आजूबाजूच्या मुलखाशी आणि नंतरच्या वर्षांशी ताडून पाहिलं तर हेस्टिंग्जचं नशीब जरा जास्तच फळफळलेलं होतं. परिणाम असा झाला, की शेकडो नोंदींवर काट मारली गेली आणि २९ जाती-उपजाती ब्रिटनच्या यादीतून गळाल्या. ब्रिस्टो त्याआधीच १९४७ साली वारले होते. त्यांची बाजू मांडायला डॉ. जेम्स हॅरिसन यांनी १९६८ मध्ये एक आख्खं पुस्तक लिहिलं, हेही इंग्रजांचं वैशिष्ट्य. गंमत म्हणजे गळालेल्या जातींपैकी बहुतेक पक्षी पुढे खरेखुरे येऊन, रीतसर फॉर्म भरून, पुन्हा यादीत दाखल झाले. म्हणजे पक्षी खोटे नव्हते. चिठ्ठ्या खोट्या होत्या.

समीक्षकाच्या दृष्टीने या प्रकरणातला धडा मोठा आहे. खोटं पकडलं गेलं ते त्यात काही कमी होतं म्हणून नव्हे, नवल फार झालं म्हणून. खऱ्या अहवालात कंटाळा असतो. पानंच्या पानं तीच बदकं, तोच तलाव, तेच आकडे. अशा कंटाळ्याच्या ढिगात एखादं आश्चर्य असेल तर विश्वास ठेवावा. ज्या आत्मचरित्रात पानोपानी थोर माणसं लेखकाच्या खांद्यावर हात टाकतात, ते वाचताना मला हल्ली नेल्डरसाहेबांची आठवण येते.

“पण खोट्या चिठ्ठीने असं काय बिघडतं? मेलेला पक्षी तो मेलेलाच!” असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर ससेक्समध्ये नाही, आपल्या खानदेशात आहे. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे नमुने गोळा केले होते. १८८४ नंतर तो कुणाला दिसेना. मग कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या बड्या इंग्रज पक्षितज्ज्ञाचा एक नमुना पुढे आला : १९१४, गुजरात, मांडवी. शोधणारे त्या चिठ्ठीवर भिस्त ठेवून शोधत राहिले आणि हात हलवत परतले. पुढे उघडकीला आलं, की कर्नलसाहेबांनी संग्रहालयातून डेव्हिडसनचाच जुना नमुना लांबवून, त्यात नव्याने पेंढा भरून, त्यावर आपली चिठ्ठी डकवली होती! हे शोधून काढणाऱ्या पामेला रासमुसेन खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर निघाल्या. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना आणि त्यांच्या दोघा सोबत्यांना रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षं आम्ही तो नामशेष धरून चाललो होतो. लंडनच्या एका कपाटातल्या एका खोट्या ओळीने खानदेशातलं घुबड हरवलं होतं, आणि डेव्हिडसनच्या एका रुक्ष, खऱ्या ओळीने ते सापडलं.

गुण झाले, आता दोष. हातचं न राखता दोष दाखवणं हे समीक्षकाचं कर्तव्यच आहे. पहिला दोष रविवारचा. अहवाल वाचून असं वाटतं, की पक्षी शनिवार-रविवारी जास्त येतात आणि सोमवारी कामावर जातात. दुसरा दोष गाडीतळाचा. जिथे मोटार लावायला जागा आणि जवळ चहा, तिथे पक्ष्यांची गर्दी. जिथे दोन मैल चिखल तुडवावा लागतो तिथलं रान अहवालात ओस. तिसरा दोष अधिक गंभीर. कौतुकाचा ओघ पाहुण्यांकडे. सैबेरियातून वाट चुकून आलेल्या बोटभर पक्ष्यासाठी माणसं मुलखाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गाड्या हाकतात आणि दारातली चिमणी कुणी मोजत नाही. घरच्या माणसांची उपेक्षा आणि पाहुण्याला साजूक तूप, हा तर आपलाही जुना रोग. तिथली चिमणी १९७० नंतर निम्म्याहून खाली आली. आहे तोवर तिच्यासाठी दुर्बीण उचलावी असं फार थोड्यांना वाटलं.

तरी त्या थोड्यांनी केलं ते मोठं काम होतं. हेस्टिंग्जचं बिंग फुटलं त्याच १९६२ साली ससेक्सची पक्षिमित्रांची संस्था स्थापन झाली, आणि त्याच साली देशभर साध्या, रोजच्या पक्ष्यांची दरवर्षी मोजणी करायची पद्धत सुरू झाली. साध्या पक्ष्यांची शिरगणती! यात ना कीर्ती, ना फोटो. पहाटे उठायचं, ठरलेल्या वाटेने चालायचं, आणि दिसेल तो कावळा-साळुंकी छाप पक्षी लिहून घ्यायचा. वाढदिवसाला पेंटेड स्टॉर्क दिसला म्हणून पेढे वाटणाऱ्या आमच्या पक्षिमित्रांना हे व्रत अवघड जाईल.

या व्रताचं मोल दोन होल्यांच्या गोष्टीवरून कळतं. गळ्यात अर्धी काळी कंठी असलेला होला आपल्याला नवा नाही. शेताच्या तारेवर बसून घुमत असतो. हे आपल्याकडचं पाखरू विसाव्या शतकात बाल्कनमधून युरोपभर पसरलं आणि १९५५ साली त्याने नॉरफोक जिल्ह्यात घरटं केलं. केवढी खळबळ! जाणकारांनी ती जागा जपली. पुढच्या काही वर्षांत हा पाहुणा इतका बोकाळला, की आज इंग्लंडातल्या दर दुसऱ्या टीव्हीच्या अँटेनावर तो बसलेला असतो आणि त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. व्हिसा नाही, शिफारस नाही. दोन पिढ्यांत पक्का स्थानिक!

दुसरा होला त्यांचा स्वतःचा, टर्टल डव्ह. त्यांच्या नाताळच्या गाण्यात असलेला, उन्हाळ्यात आफ्रिकेहून येऊन ससेक्सच्या काटेरी कुंपणांत घुमणारा. तो इतका नेहमीचा होता, की त्याच्याविषयी लिहिण्याजोगं काही नसे. शेतं स्वच्छ झाली, तणांचं बी संपलं, येण्याजाण्याच्या वाटेवर बंदुका होत्याच. गेल्या पन्नासएक वर्षांत ब्रिटनमध्ये शंभरातले जेमतेम दोन उरले. हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. म्हाताऱ्यांनी “आमच्या वेळी किती घुमायचे!” म्हटलं असतं आणि तरुणांनी “तुमच्या वेळी सगळंच घुमायचं” म्हणून उडवून लावलं असतं. पण खतावणी होती. मास्तरांनी दिलेल्या चौदा अंकांत मी त्या पक्ष्याच्या नोंदी ओळीने वाचून काढल्या. लेखक कुठेही हळहळत नाही. ठिकाणं कमी होतात, आकडे लहान होतात, एवढंच. एका अंकातला परिच्छेद पुढच्या अंकात चार ओळींवर येतो. मी पुष्कळ शोकांतिका वाचल्या आहेत. इतक्या कमी शब्दांत लिहिलेली दुसरी माझ्या वाचनात नाही.

आपल्या मराठी मुलखात नजर असलेली माणसं कमी नाहीत. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ चाळीस वर्षं एकाच तळ्यावर फिरायला जातात आणि तिथल्या प्रत्येक पाणकोंबडीला ओळखतात. पण ते सगळं त्यांच्या डोक्यात आहे. “लिहून ठेवा ना,” म्हटलं तर म्हणतात, “त्यात लिहिण्यासारखं काय आहे? रोजचेच पक्षी.” ससेक्सचे चौदा अंक मी त्यांना देणार होतो, पण ते मास्तरांचे, परत करणं भाग होतं. त्यांना आता एक कोरी वही आणि पेन्सिल नेऊन देणार आहे. रकाने मी स्वतः आखले आहेत : तारीख, ठिकाण, पक्षी, किती. ‘शेरा’ हा रकाना मुद्दामच अरुंद ठेवला आहे.

प्रथेप्रमाणे समीक्षेच्या शेवटी दोन शब्द. छपाई सुबक, कागद उत्तम, मुखपृष्ठ वेधक. मुद्रणदोष आढळले नाहीत. नायिका नाही, खलनायक एकच आणि तोही वारलेला, संवाद फक्त पक्ष्यांचे. करमणूक म्हणून वाचणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. ज्यांच्या दारातली चिमणी अजून शिल्लक आहे त्यांनी मात्र एखादा अंक मिळवून जरूर वाचावा, आणि वाचून झाल्यावर चिमण्या किती आहेत ते तारीख घालून लिहून ठेवावं.